चौथ्या पायाचा तुकडा

३ फेब्रुवारी

गुण्या,

आशीर्वाद. बारा वर्षांतलं पहिलंच पत्र आहे, तेव्हा अक्षर ओळखायला वेळ लागेल. मी ताई. बाबांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितेय, माझ्या मनाने नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, मागाहून गैरसमज नको.

बाबांचे हात आता थरथरतात. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय थकलंय, लांबचे बेत करू नका. तरी रोज सकाळी दुकानात येऊन आपल्या तीन पायांच्या स्टुलावर बसतात आणि मी रंधा मारायला लागले की "जरा उजवीकडून" म्हणतात. मी बारा वर्षं उजवीकडूनच मारतेय.

तुझा पत्ता समोरच्या चष्मेवाल्यामुळे मिळाला. त्याच्याकडे गिऱ्हाइकांना चाळायला मासिकं असतात. त्यातल्या एकात तू निघालीस, खुर्चीवर हात ठेवून उभी, मागे भल्यामोठ्या काचा, खाली तुझ्या कारखान्याचा पत्ता. तो रस्ता ओलांडून धावत आला, जसा काही त्यानेच तुला जन्म दिला. बाबांनी ते पान कापलं आणि भिंतीवर सरसाने चिकटवलं, नेमकं माझ्या कामाच्या टेबलासमोर, कारण म्हणे तिथे उजेड चांगला आहे. आता मान वर केली की तू.

जाडी झालीयस थोडी. खुर्ची चांगली आहे. हाताचा कोपरा मी एवढा गोल केला नसता, पण मासिकवाल्यांना काय कळतंय!

बाबांचा निरोप असा: "झालं गेलं विसरलो. तुला माफ केलं. ये." शब्द त्यांचेच.

माफ कशाबद्दल ते तुला ठाऊक आहे. वाचनालयाच्या बाईंना चाळीस स्टुलं हवी होती. तू नमुन्याचं एक केलंस. ते त्यांच्या दगडी फरशीवर ठेवलं, बाई बसल्या आणि सगळ्यांदेखत डुगडुगल्या. काम गेलं. घरी आल्यावर तू म्हणालीस, "काल सपाट होतं, मी स्वतः बसून पाहिलं." बाबा म्हणाले, "म्हणजे रात्री तूच परत करवत लावलीस," आणि तू साफ नाही म्हणालीस. बाबांना एक वेळ चूक चालते, खोटं चालत नाही. पुढे तू घर सोडलंस, ते तुला माहीत आहे. मी तेव्हा भुसा झाडत होते.

कळव.

ताई


१९ फेब्रुवारी

गुण्या,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. कागद भारी वापरतेस.

"माफी नको. मी त्या स्टुलाला करवत लावली नव्हती आणि मी खोटंही बोलले नव्हते. 'तू खरं बोलत होतीस' असं बाबा ज्या दिवशी म्हणतील त्या दिवशी निघेन." मी हे त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. बाबा म्हणाले, "अजून तेच?" आणि तोंड फिरवून बसले. त्या दिवशी चहाही नको म्हणाले.

म्हणजे आता तू तिथे हटून बसलेली, ते इथे हटून बसलेले, आणि मधे मी, पोस्टमन. तुम्ही दोघं एका लाकडाचे आहात हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय. मी कुठल्या लाकडाची हे कधी कोणी सांगितलं नाही.

परवा डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी बिचारीने विचारलं, "काका, झोप लागते का?" झालं. बाबांनी त्यांना चार युगं सांगितली. तीच गोष्ट, तेच हातवारे. एक रिकामं स्टूल पुढे ओढलं. "हे सत्ययुग. धर्म चार पायांवर उभा. तप, शौच, दया, सत्य. माणसं आजारी पडायची नाहीत, तेव्हा बाई, तुमचा धंदा बंद. काही विकायचं नाही, काही घडवायचं नाही. झाडंच घरं द्यायची." बाई म्हणाल्या, "मग सुतार?" बाबा खूश. त्यांना कोणीतरी हे विचारायला हवंच असतं. "सुतार नव्हतेच! कोणी दमतच नव्हतं, तर बसायला लागतंय कशाला?" मग एकेक पाय जातो, त्रेता, द्वापर, कली, आणि शेवटी आवाज खाली आणून, "आता एकच पाय उरलाय. सत्य. तोही गेला तर धर्म आडवा. म्हणून मला खोटं चालत नाही."

बाईंना पायांवरची अक्षरंही दाखवली. दुसरे सुतार पायांना एक, दोन, तीन, चार असे आकडे घालतात, म्हणजे कुठला पाय कुठल्या खाचेत बसवायचा ते चुकत नाही. आपल्याकडे त, शौ, द, स. बाई म्हणाल्या, "किती छान." त्यांना रोज ते पेन्सिलीने लिहावं लागत नाही.

आणि मग, मी तिथेच पाण्याचा पेला घेऊन उभी असताना, बाबा म्हणाले, "आमच्या दुकानातही होतं हो सत्ययुग. धाकटी होती तोवर."

बारा वर्षं, गुण्या. दुकान मी उघडते, मी झाडते. औषधं, अंघोळीचं पाणी, चष्मा कुठे ठेवला, सगळं मी. आणि मी म्हणजे कलियुग!

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट आजचा नाही. आठवतं का, दोघींनी शिकताना आपलं पहिलं स्टूल केलं ते? तुझ्याहून चार वर्षांनी मोठी असून बाबांनी मला तुझ्याबरोबरच शिकायला बसवलं. तुझं पहिल्या फटक्यात चारी पायांवर टेकलं. माझं डुगडुगलं. म्हणून एक पाय कापला, तर दुसरा लांब झाला. तो कापला, तर तिसरा. दुपारपर्यंत माझ्या स्टुलाचा पाट झाला होता. तुम्ही दोघं पोट धरून हसलात, मीही हसले. मग मी हट्टाने तीन पायांचं केलं. तीन पायांचं कधीच डुगडुगत नाही, कसलीही जमीन असो. घेऊन गेले तर बाबा म्हणाले, "ही पळवाट झाली." आज ते ज्याच्यावर बसतात ना, ते तेच स्टूल. कोणी केलं ते विसरलेत.

त्या दिवसापासून तू गुण्या, कारण तुला काटकोन नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, तो तपासायला गुण्या लावावाच लागायचा नाही. आणि मी पॉलिश, कारण मला पॉलिशला बसवलं. टोपणनावं तुम्ही लाडाने ठेवलीत हे मला मान्य आहे.

एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली. मी नुसती भुसा झाडत नव्हते. तू "मी करवत लावली नाही" म्हणालीस तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय ग, तूही होतीस ना?" आणि मी म्हटलं, "मला तर रात्री करवतीचा आवाज आल्यासारखं वाटलं होतं."

हे तुला आठवत असेलच. मी आपलं नोंदवून ठेवतेय.

ताई


८ मार्च

गुण्या,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी वाट पाहत नव्हते.

बाबा आता थोडं चालले तरी दम खातात. दुकान ते घर मधे अंगणच काय ते, पण दोनदा थांबतात. दाराशी पाऊल वाजलं की "गुण्या?" म्हणतात. मी "नाही, मी आहे" म्हणते. ते "अच्छा" म्हणतात. दिवसातून चार-पाच वेळा हे चालतं.

मी रागाने खूप विचार केला. तुझं सत्ययुग कुठलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. माझंही एक होतं. तू जन्मायच्या आधीची चार वर्षं. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आई सांगायची, बाबा मला कामाच्या टेबलाखाली भुशात बसवून ठेवायचे आणि दर थोड्या वेळाने वाकून बघायचे, आहे ना म्हणून. मला नुसतं ठाऊक आहे की असं होतं आणि तू आल्यावर संपलं. आता हसशील, पण चार वर्षांच्या मुलीने पाळण्यात डोकावून हिला परत न्या म्हटलं होतं, ते मी आजही मागे घेतलेलं नाही.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची, मी दहा. तुझ्या वेण्या मी घातल्या. भांग सरळ पडला नाही की तू आरशात बघून ओरडायचीस. तेव्हाही काटकोनच.

बाबा म्हणतात सत्ययुगात मत्सर नव्हता. मला वाटतं तेव्हा सगळी एकुलती एक असणार.

नमुन्याचं स्टूल झालं त्या संध्याकाळचं तुला आठवतं? तू त्यावर उभी राहून नाचलीस. बाबा जमिनीवर बसून चारी पायांखाली कागद सरकवून बघत होते आणि कुठेच सरकत नव्हता. "हे सत्ययुग," म्हणाले. "चारी टेकलेत." मग भिंतीवरचा आजोबांचा रंधा काढून तुझ्या हातात दिला. म्हणाले, "उद्या काम मिळालं की पाटीवर तुझं नाव." मला म्हणाले, "पॉलिश तेवढं सकाळपर्यंत वाळायला हवं हं."

तुम्ही दोघं चष्मेवाल्याला सांगायला म्हणून पलीकडे गेलात. दुकानात मी, पॉलिशचा बोळा आणि ते स्टूल.

याहून जास्त आज लिहीत नाही. बाबांनी हाक मारलीय. माळ्यावरून काहीतरी काढून हवंय त्यांना.

ताई


१६ मार्च

गुण्या,

माळ्यावरून जे हवं होतं ते तुझं स्टूल होतं. मला वाटलं होतं ते कधीच चुलीत गेलं असेल. त्यांनी ते जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. मी खाली आणलं, पुसलं, टेबलावर उलटं ठेवलं. पाय वर, अक्षरं वर. बाबांनी पट्टी लावली. त बरोबर, शौ बरोबर, स बरोबर. "द चा पाय," म्हणाले. "अर्धं बोट कमी. एवढ्या सरळ डोळ्यांची पोर, आणि अर्धं बोट चुकली."

ऐकायला बरं वाटावं म्हणून तो पाय सत्याचा असायला हवा होता. नव्हता. जो हाताशी आला तो होता.

मग बाबांनी आपला बेत सांगितला. अगदी लहान मुलासारखे खूश होते. "ती यायच्या आधी हे आपण सपाट करून ठेवू. बाकीचे तीन पाय अर्धं अर्धं बोट कापले की झालं. मग कोण खरं, कोण खोटं, भांडणाला कारणच उरणार नाही. ती बसेल, डुलणार नाही, विषय संपला." हात थरथरतात म्हणून म्हणाले, "खुणा मी करतो. काप तू."

त्यांनी खुणा केल्या. वाकड्या आल्या, पुसून परत केल्या. मी करवत घेतली. तीच, बारीक दातांची. त च्या पायावर टेकवली.

गुण्या, तू जायला निघालीस तेव्हा मी उभी राहून बघू शकले. बाबा बारा वर्षं तुला खोटारडी समजत राहिले, ते मी रोज ऐकू शकले. पण तुझे ते तीन पाय बरोबर होते, केसाएवढीही चूक नव्हती त्यात, आणि ते कापायला माझा हात पुढे जाईना. मी सुतार आहे ग. कोणी म्हणत नसलं तरी आहे.

मी म्हटलं, "बाबा, हे तीन कापू नका. चौथ्याचा तुकडा माझ्याकडे आहे."

त्यांना कळलं नाही. "कसला तुकडा?"

मी घरात गेले. माझा बटणांचा डबा आणला. बारा वर्षं तो तुकडा त्या डब्यात आहे. का ठेवला विचारशील तर मलाही माहीत नाही. टाकायला गेले होते दोनदा. बाबांनी तो हातात घेतला, फुंकर मारली, द च्या पायावर ठेवला. हात थरथरत होते, खाली पडला. परत ठेवला, परत पडला. तिसऱ्यांदा मी उचलून दिला. मग त्यांनी तो हळूहळू फिरवला. तुकड्यावरच्या लाकडाच्या रेषा पायाच्या रेषांना जाऊन मिळाल्या तेव्हा थांबले.

अंगठ्याने तो सांधा चाचपला. मग विचारलं, "कुठली करवत?"

"बारीक दातांची. तुमचीच."

"सरळ कापलंयस," म्हणाले.

मी कापलेल्या लाकडाला बाबा जन्मात पहिल्यांदा सरळ म्हणाले. आणि लाज वाटते सांगायला, पण मला क्षणभर बरं वाटलं. मग त्यांचं तोंड बघितलं आणि मी तिथेच भुशात बसले.

बाबांनी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "लिही तिला," म्हणाले. मी कागद आणला. "लिही, तू खरं बोलत होतीस. सत्य सत्य करत मीच तुझ्यावर खोटा आळ घेतला. मला माफ कर." शब्द त्यांचेच आहेत. या वेळी खरंच त्यांचेच.

कारण पहिल्या पत्रातले नव्हते. ते फक्त "ये" म्हणाले होते. एवढंच, "तिला लिही, ये." "माफ केलं" हे मी घातलं. तुझा स्वभाव मला पाठ आहे. न केलेल्या गुन्ह्याची माफी दिली की तू भडकणार आणि येणार नाहीस, हे ठाऊक असूनच घातलं. म्हणजे बारा वर्षांपूर्वी एकदा कापलं आणि गेल्या महिन्यात पुन्हा एकदा. आता माझ्याकडे लपवायला काही राहिलं नाही.

तुझी माफी मागायला मला तोंड नाही. मागतेय.

ताई


१९ मार्च

गुण्या,

१६ तारखेचं पत्र अजून पेटीत टाकलेलं नाही, हे त्यातच घालतेय.

दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. औषध हातातून घेतलं, पण बोलले नाहीत. "जरा उजवीकडून" सुद्धा नाही, आणि मला ते ऐकू येत नाही म्हणून रंधा चालवता येईना. आज सकाळी आपणहून म्हणाले, "तुम्ही दोघी लहान होतात ना, मी तुम्हाला शेजारी शेजारी ठेवून मापायचो. दोन पाय ठेवून मापतात तसं. पोरी मापायच्या नसतात. ते माझं चुकलं."

मी म्हटलं, "करवत मी चालवली बाबा."

"ते आहेच," म्हणाले. "त्याला माफी धाकटी देईल, नाहीतर नाही देणार. मी त्यात पडत नाही."

थोड्या वेळाने त्यांनी खाली वाकून आपल्या स्टुलाखाली हात फिरवला. तीनच पाय, अक्षरं नाहीत. "हे तुझं, नाही का ग?" म्हणाले. मी "हो" म्हटलं. "बारा वर्षं हललं नाही," म्हणाले. मी आत जाऊन चहा ठेवला, कारण तिथे उभं राहवेना.

डॉक्टरीणबाई कालही येऊन गेल्या. या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ज्यांना बोलवायचंय त्यांना लवकर बोलवा. बाबांना कळलं असावं. मला म्हणतात, "कलियुग संपायला अजून चार लाख सत्तावीस हजार वर्षं आहेत, तेवढा मी काही थांबत नाही. तिला लवकर लिही."

तुकडा याच पाकिटात आहे. बाबांना पाठवायचा नव्हता. वाटेत हरवेल म्हणत होते. सरस मी लावणार होते, तर तो लावायलाही नको म्हणाले. "ज्याचा पाय त्याने जोडावा." मी म्हटलं, मग तिच्याकडेच जाऊ दे, ती घेऊन येईल. स्टूल दारातच ठेवलंय, जिथून रस्ता दिसतो. बाबा आपलं सोडून आता त्याच्यावरच बसतात, मुद्दाम डुलतात आणि येणाऱ्याला सांगतात, "धाकटीचं काम आहे, एकदम सपाट होतं." माझं नाव घेत नाहीत. चष्मेवाल्याला मीच सांगितलं.

तू आलीस की बाबा माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, हे मी धरून चाललेय. तुझ्या खुर्च्या, तुझा कारखाना, आठ दिवस तेच चालेल आणि मी चहा करत राहीन. मला जळायला होईल. ते काही या पत्रांनी गेलेलं नाही, आणि गेलंय असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल.

तरी ये. आत्ताही मी पाणी घेऊन दारात आले तर त्यांनी न बघताच विचारलं, "गुण्या?" मी नेहमीसारखं म्हटलं, "नाही बाबा, मी आहे." गेली बारा वर्षं हे एवढं एकच मी त्यांच्याशी खरं बोलत आलेय. आता एकदा तरी त्यांचं खरं होऊ दे.

ताई